बिडातली शिल्लक

इंजिन निवडणे हा वाचनाचाच एक प्रकार आहे, असे म्हटले तर यंत्रशाळेतली माणसे हसतील आणि वाङ्मयाचे अभ्यासक भुवया उंचावतील. तरीही गेले वर्षभर आम्ही जे करत होतो त्याला दुसरे नेमके नाव आम्हांला सापडलेले नाही. एकाच रचनाबंधातली चार-पाच इंजिने समोर ठेवायची, प्रत्येकाच्या कर्त्याने काय सांगून टाकले आणि काय राखून ठेवले ते पाहायचे, आणि मग त्यांतल्या एकाबरोबर दीर्घ काळ राहायचा निर्णय घ्यायचा. अभ्यासासाठी संहिता निवडताना तरी आपण दुसरे काय करतो?

येथे एक खुलासा आवश्यक आहे. 'आम्ही' हे सर्वनाम या लेखात जुन्या निबंधकारांच्या रिवाजाने आलेले नाही. आम्ही खरोखरच दोघे आहोत. मराठीत द्विवचन उरलेले नाही म्हणून अनेकवचनावर भागवावे लागते. दोघेही मेलबर्नला राहतो. एकाची नोकरी धातूंच्या चाचण्या घेण्यात गेली, दुसऱ्याची कविता शिकवण्यात. दोघांच्या सामाईक मालकीची १९८५ सालची एक फोर्ड फाल्कन आहे. तिचे मूळचे ४.१ लिटरचे, एका ओळीत सहा सिलिंडर असलेले इंजिन थकले होते. त्याच्या जागी त्याच रचनेचे, पण कितीतरी अधिक शक्ती देणारे इंजिन बसवायचे ठरले. सहा सिलिंडर हवेत आणि ते एका ओळीतच हवेत, याबद्दल आमच्यात मतभेद नव्हता. कोणते सहा, याबद्दल मात्र पहिल्या दिवसापासून होता.

आधी ओळीच्या आग्रहाविषयी. पिस्टन वर जातो, क्षणभर थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. या प्रत्येक थांबण्या-निघण्याचा धक्का इंजिनाच्या अंगाला बसतो. चार सिलिंडरांच्या इंजिनात दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात, म्हणून मोठे धक्के परस्परांना खोडून काढतात. पण कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्यामुळे पिस्टनची वरच्या टोकाजवळची गती आणि खालच्या टोकाजवळची गती सारखी नसते. त्या फरकातून क्रँकशाफ्टच्या दुप्पट वेगाने येणारा एक बारीक, चिवट धक्का उरतोच. सहा सिलिंडर एका ओळीत मांडले आणि क्रँकचे हात १२० अंशांच्या अंतराने ठेवले, की हे दोन्ही धक्के पूर्णपणे मिटतात. पहिला पिस्टन सहाव्याबरोबर चालतो, दुसरा पाचव्याबरोबर, तिसरा चौथ्याबरोबर. म्हणजे क्रँकशाफ्ट पुढून वाचला काय किंवा मागून वाचला काय, मजकूर तोच. डावीकडून आणि उजवीकडून सारखीच वाचता येणारी वाक्ये रचण्याचा खेळ आपल्याकडे जुना आहे. तो खेळ पोलादात खेळला, की इंजिन पुढे-मागे डुलत नाही आणि त्याला आवर घालण्यासाठी वेगळे संतुलक दंडही लागत नाहीत.

ठिणग्यांचा प्रचलित क्रमही ऐकण्यासारखा आहे: एक, पाच, तीन, सहा, दोन, चार. दर १२० अंशांनी एक ठिणगी पडते, आणि ती आळीपाळीने पुढच्या तिघांत व मागच्या तिघांत पडते. पुढच्या फळीने सवाल टाकायचा आणि मागच्या फळीने जवाब द्यायचा, असा हा फड आहे. टर्बो बसवणाऱ्यांना या व्यवस्थेचा प्रत्यक्ष लाभ होतो. तीन-तीन सिलिंडरांच्या धुराचे दोन वेगळे मार्ग केले, तर प्रत्येक मार्गातले झोत २४० अंशांच्या समान अंतराने येतात, एकमेकांत घुसत नाहीत, आणि टर्बोच्या चक्राला नियमित ताल मिळतो. सगळा धूर एकाच बाजूने बाहेर पडत असल्यामुळे नळ्यांची मांडणीही सुटसुटीत होते.

इतक्या निर्दोष रचनेत दोष असणारच, आणि तो तिच्या गुणातूनच जन्मतो. सहा जणांची ओळ लांब असते, म्हणून क्रँकशाफ्टही लांब असतो. लांब दांड्याला प्रत्येक ठिणगी थोडा पीळ घालते. दांडा उलगडतो, पुन्हा पिळला जातो. बाहेरून इंजिन शांत दिसत असते आणि आत हा पीळ चालू असतो. एका ठरावीक वेगाला पिळाचा ताल आणि ठिणग्यांचा ताल जुळले, की पोलाद तुटते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हेन्री रॉइस यांना त्यांच्या ३० अश्वशक्तीच्या सहा सिलिंडरांच्या गाडीत याच दुखण्याने छळले. त्याच काळात फ्रेडरिक लँचेस्टर यांनी पीळ शोषून घेणाऱ्या डँपरवर काम केले. क्रँकच्या पुढच्या टोकावर बसवलेले ते जाड कडे आजही प्रत्येक चांगल्या सरळ-सहाच्या नाकावर दिसते. निवड करताना आम्ही प्रथम पाहिली ती हीच जागा. पुष्कळ आधुनिक इंजिनांत तेलाचा पंप क्रँकच्या या पुढच्या टोकावरच चालतो. म्हणजे जेथे पीळ सर्वांत जास्त, तेथेच इंजिनाचे रक्ताभिसरण.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही रचना परकी वाटण्याचे कारण नाही. टाटाच्या ६९७ या डिझेल इंजिनात सहा सिलिंडर एका ओळीतच होते. पुण्यात १९६२ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर कमिन्सची ओळखही अशाच ओळीतल्या मोठ्या डिझेल इंजिनांशी जोडलेली आहे. खंबाटकीचा चढ चढणाऱ्या मालमोटारीचा सलग, न अडखळणारा घुमारा ज्यांनी ऐकला आहे, त्यांनी ही रचना कानाने आधीच वाचलेली आहे. मोटारगाड्यांनी मात्र मध्यंतरी तिच्याकडे पाठ फिरवली. पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या गाड्यांत इंजिन आडवे ठेवतात. तेथे लांब ओळ मावेना. टकरीच्या वेळी दबण्यासाठी नाकात जागा सोडण्याची गरज वाढली, आणि आखूड व्ही-सहा सोयीचे झाले. मर्सिडीजने १९९७ पासून व्ही-सहा स्वीकारले आणि २०१७ मध्ये ती पुन्हा ओळीकडे वळली. या नव्या इंजिनाच्या पुढचे पट्टेच काढून टाकून तिने लांबी वाचवली होती. २००८ पासून टाटा मोटर्सच्या मालकीची असलेली जॅग्वार लँड रोव्हर २०१९ मध्ये त्याच वाटेने परत आली. वाङ्मयप्रकार कालबाह्य झाल्याची घोषणा करणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा.

आता उमेदवारांकडे येऊ. जॅग्वारचे १९४८ चे एक्सके इंजिन आम्ही आदरपूर्वक बाजूला ठेवले. १९५१ ते १९५७ या काळात ल मान्सची शर्यत पाच वेळा जिंकलेले आणि १९९२ पर्यंत उत्पादनात राहिलेले ते इंजिन अभिजात आहे, आणि अभिजाताला आपल्या सोयीसाठी कापू-जोडू नये एवढे भान दोघांनाही होते. उरली ती चार: निस्सानचे आरबी२६डीईटीटी, टोयोटाचे २जेझेड-जीटीई, बीएमडब्ल्यूचे एस५४, आणि फोर्ड ऑस्ट्रेलियाचे बारा.

निस्सानचे इंजिन १९८९ च्या स्कायलाइन जीटी-आर गाडीबरोबर आले. २,५६८ घनसेंटिमीटर, दोन टर्बो, सहा सिलिंडरांना सहा स्वतंत्र थ्रॉटल. ते शर्यतीसाठीच जन्मले होते. ऑस्ट्रेलियात त्याची आठवण थोडी कडवट आहे. १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ दोन वर्षे या गाडीने बॅथर्स्टची शर्यत जिंकली, आणि दुसऱ्या वर्षी पावसात थांबवलेल्या शर्यतीनंतर विजेते मंचावर आले तेव्हा स्थानिक गाड्यांच्या चाहत्यांनी त्यांची हुर्यो उडवली. टोयोटाच्या इंजिनाचा व्यास निस्सानएवढाच आहे, ८६ मिलिमीटर. पण निस्सानमध्ये पिस्टनची धाव ७३.७ मिलिमीटर आहे आणि टोयोटामध्ये तीही ८६. व्यास आणि धाव समान, म्हणून या रचनेला चौरस म्हणतात. एकाची आखूड धाव त्याला उंच फेऱ्यांकडे ओढते. दुसऱ्याचे २,९९७ घनसेंटिमीटर त्याला मधल्या पट्टीत भरीव आवाज देतात. वृत्त एकच, चाली मात्र दोन.

या दोन जपानी इंजिनांच्या अभ्यासातून आम्हांला आमच्या निवडीचा निकष मिळाला. १९८९ पासून २००४ पर्यंत जपानी कारखानदारांत एक अलिखित समजूत होती: देशात विकायच्या गाडीची शक्ती २८० मेट्रिक अश्वशक्तीच्या वर जाहीर करायची नाही. दोन्ही इंजिनांच्या कागदांवर तोच आकडा आहे. कागदावरचा आकडा गोठलेला असताना अभियंत्यांनी मात्र बिडाचे जाड ब्लॉक ओतले, सात मुख्य बेअरिंगांवर भक्कम क्रँक टेकवले. परिणाम असा झाला, की टोयोटाच्या मूळ ब्लॉकवरून जाहीर आकड्याच्या दुपटीहून अधिक शक्ती घेतल्याची उदाहरणे जगभर आहेत. जे बोलायचे नव्हते ते धातूत साठून राहिले. यालाच आम्ही शिल्लक म्हणू लागलो. नवी शक्ती निर्माण करतो असे इंजिन बांधणाऱ्याला वाटते खरे. प्रत्यक्षात मूळ कर्त्याने खात्यात ठेवलेली शिल्लक तो खर्च करत असतो.

या निकषाने पाहिले, तेव्हा कवितावाल्याचा लाडका उमेदवार अडचणीत आला. बीएमडब्ल्यूचे एस५४ हे २००० सालच्या एम३ गाडीतले ३,२४६ घनसेंटिमीटरचे इंजिन. टर्बो नाही, आणि तरीही ३४३ मेट्रिक अश्वशक्ती, जवळजवळ ८,००० फेऱ्यांना. त्याचा आवाज ऐकल्यावर गद्य माणूसही छंदात बोलू लागेल. पण लिटरमागे शंभराहून अधिक अश्वशक्ती कारखान्यानेच काढून घेतल्यावर मागे काय उरणार? कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे ठरावीक काळाने तपासून बदलावी लागतात, यावरूनच ते किती कडेवर चालते ते कळते. धातूवाल्याचे म्हणणे होते, की ज्या पुस्तकाच्या लेखकाने सर्व काही सांगून टाकले आहे त्यावर भाष्य कशाला लिहायचे? कवितावाल्याचे उत्तर होते, की काही रचना भाष्यासाठी नसतातच, त्या तशाच म्हणायच्या असतात. दोघांचेही म्हणणे खरे होते. त्यामुळे एस५४ आम्ही नाकारले नाही. त्याला हात लावण्याचा अधिकार आपल्याला नाही, एवढेच ठरवले.

जपानी जोडीच्या वाटेत बाजार आडवा आला. अमेरिकेत २५ वर्षे जुनी गाडी आयात करायला मुभा असते. १९८९ ची जीटी-आर २०१४ मध्ये त्या मर्यादेपार गेली, आणि मागणी अमेरिकेकडे वळली. टोयोटाच्या इंजिनाला तर दंतकथेचीच किंमत पडते. शिवाय जुन्या जीटी-आरच्या क्रँकवर तेलाच्या पंपाला धरणारा सपाट भाग अरुंद आहे. उंच फेऱ्यांच्या पिळाने पंपाची चाके फुटतात, म्हणून तेथे दुरुस्ती करूनच पुढे जावे लागते. निस्सानचेच साधे तीन लिटरचे आरबी३० हे इंजिन १९८६ ते १९८८ या काळात होल्डन कमोडोर गाडीत येत असे. त्याच्यावर २६ चे हेड चढवून संकर करण्याची परंपरा ऑस्ट्रेलियात जोमदार आहे. तो पर्याय आम्हांला काही आठवडे मोहात पाडून गेला.

शेवटी आम्ही आलो ते घराजवळच्या इंजिनाकडे. बारा हे नाव ऐकून मराठी माणसाला आकडा आठवतो; प्रत्यक्षात ते बारामुंडी या इथल्या माशावरून पडलेले आहे. ३,९८४ घनसेंटिमीटर, बिडाचा ब्लॉक, २४ व्हॉल्व्ह, साखळीवर चालणारे दोन कॅमशाफ्ट. ते २००२ मध्ये आले. टर्बोच्या पहिल्या आवृत्तीला २४० किलोवॅट होते, २०१६ च्या अखेरच्या आवृत्तीला ३२५. वंशावळ मागे नेली तर ती १९६० च्या पहिल्या फाल्कनच्या सहा सिलिंडरांपर्यंत जाते. म्हणजे आमच्या गाडीत थकलेले इंजिन त्याचेच पूर्वज.

जपानी इंजिनांत शिल्लक कशी जमली हे कळण्यासारखे होते. एका कुटुंबगाडीच्या इंजिनात ती कुठून आली? याचे उत्तर रस्त्यावर आहे. टर्बो नसलेले बारा मेलबर्नच्या टॅक्सींत असे, बहुधा गॅसवर चालणारे, दिवस-रात्र न थंडावता. जे इंजिन टॅक्सीत टिकायचे आहे त्याला जाड भिंती लागतात. त्या टॅक्सी रात्रपाळीत चालवणाऱ्यांत शिकायला आलेली भारतीय मुले मोठ्या संख्येने होती. एप्रिल २००८ मध्ये एका भारतीय चालकावर सुऱ्याने हल्ला झाल्यावर याच चालकांनी फ्लिंडर्स स्ट्रीटच्या चौकात ठिय्या दिला, आणि शहराने त्यांच्याकडे प्रथमच नीट पाहिले. आज आम्ही ज्या बिडाच्या बळकटीचे कौतुक करतो, तिची परीक्षा त्या रात्रपाळ्यांनी घेतलेली आहे. ही गोष्ट निवडीच्या तक्त्यात कोणत्या रकान्यात लिहायची, हे आम्हांला ठरवता आले नाही. पण तिचे वजन पडले.

दुसरे वजन जिलाँगचे. मेलबर्नच्या नैर्ऋत्येला असलेल्या या बंदराच्या गावी फोर्डने १९२५ मध्ये ऑस्ट्रेलियातले काम सुरू केले, आणि हे इंजिन तयार होई तेही तेथेच. ऑक्टोबर २०१६ मध्ये तो कारखाना बंद झाला. पुढच्याच वर्षी टोयोटा आणि होल्डन यांनीही येथील उत्पादन थांबवले, आणि या देशात मोठ्या प्रमाणावर मोटारगाड्या बनवणे संपले. म्हणजे आता या खात्यात कोणी नवी भर घालणार नाही. मोडीत निघालेल्या फाल्कनमधून जेवढी इंजिने मिळतील तेवढीच.

येथे आमच्यातला खरा वाद सुरू झाला. इंजिन ठरले होते. प्रश्न होता तो खर्चाचा. पैशांचा नव्हे, शिलकीचा. या ब्लॉकवरून ५०० किलोवॅट घेणारे लोक आहेत. धातूवाल्याला प्रथम तोच आकडा हवा होता: सामर्थ्य आहे तर ते सिद्ध का करू नये? कवितावाल्याचा आक्षेप असा, की राखून ठेवण्यातच जर या इंजिनाचा गुण असेल, तर सगळे उधळून आपण त्याचे चाहते कसे ठरतो? धातूवाल्याने त्याला रास्त उत्तर दिले. न वापरलेली शिल्लक म्हणजे गंजणारे लोखंड; परंपरा कपाटात ठेवून जिवंत राहत नाही. बरेच दिवस या दोन वाक्यांच्या मधोमध आम्ही उभे होतो. मग गणिताने मध्यस्थी केली. ४० वर्षांच्या फाल्कनचे ब्रेक, मागचा डिफरन्शियल, तिचा सांगाडा, टायर, शिवाय व्हिक्टोरिया राज्यात अशा बदलासाठी लागणारे अभियंत्याचे प्रमाणपत्र, हे सगळे हिशेबात घेतल्यावर ३५० किलोवॅट हा आकडा निघाला. तेवढ्यात गाडी वेगवान होते, आणि इंजिन मोडीत निघाल्यावर दुसऱ्या कोणाच्या हाती गेले तर त्यालाही काही मिळते.

कामाची यादी त्यातूनच ठरली. टर्बोची आवृत्ती घ्यायची. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बदलायच्या, कारण सुरुवातीच्या इंजिनांत त्या नरम आहेत. तेलाच्या पंपाची ठिसूळ चाके काढून पोलादाची घालायची आणि नाकावर चांगला डँपर बसवायचा. रॉइस यांना छळणारा पीळ शतकानंतरही येथेच दबा धरून आहे. मोठा इंटरकूलर, मोठे इंजेक्टर, नवा संगणक. इंजिन उंच असल्यामुळे बॉनेटखालची जागा इंच-इंच मोजायची. पिस्टन, रॉड आणि क्रँक नवे घ्यायचे की मूळचेच ठेवायचे, हे इंजिन उघडून पाहिल्यावर ठरवायचे होते.

ते गेल्या महिन्यात उघडले. दोन लाख किलोमीटरांहून अधिक चाललेल्या गाडीतले ते इंजिन. क्रँकशाफ्ट लाकडी ठोकळ्यांवर आडवा ठेवून आम्ही त्याच्या सातही मुख्य जर्नलांचा व्यास मायक्रोमीटरने मोजला, प्रत्येक जागी दोन दिशांनी, आणि आकडे पाळीपाळीने वहीत लिहिले. सातही आकडे कारखान्याने आखून दिलेल्या मर्यादेत होते. यंत्रशाळेत घासाईसाठी जो दिवस राखून ठेवला होता, तो आम्ही फोन करून रद्द केला.